गिझरचा दिवा लागतो, पाणी मात्र गार

थंडी पडली की माझ्याकडच्या पत्रांचा विषय बदलतो. पावसाळ्यात मिक्सर आणि पंप, आणि आता या खेपेला आलेली निम्म्याहून जास्त पत्रं गिझरची. नवीन वाचकांसाठी सांगते, आमचं साताऱ्यातलं दुकान मुळात मोटार रिवाइंडिंगचं. सासऱ्यांनी काढलेलं. लग्न होऊन आले तेव्हा मला फेज कुठला नि न्यूट्रल कुठला तेही कळत नव्हतं. सासऱ्यांचे हात थरथरायला लागले, तशी तार भरायला मी बसले आणि मग उठलेच नाही. गिझर दुरुस्ती त्यामागून आली. तेव्हा पुस्तकी उत्तरं माझ्याकडून मिळणार नाहीत. जे हाताखालून गेलंय तेवढंच सांगते.

ताई, आमचा १५ लिटरचा गिझर सहा वर्षांचा आहे. सोमवारपासून पाणी गारच येतंय. लाल दिवा मात्र लागतो. एक मिस्त्री म्हणाला कॉइल गेली, दुसरा म्हणाला नवीन घ्या, याच्यात काही राम नाही. बोअरचं पाणी आहे. काय करावं?
– एक गृहिणी, कराड

वहिनी, तुमच्या गिझरचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच, पण बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगते.

गिझरचं पाणी गार आलं की मी दोनच गोष्टी विचारते. पाणी तापतच नाही, की तापलेलं पाणी नळापर्यंत पोचत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी. निम्मे मिस्त्री हे न विचारताच पान्हा काढतात. आणि लाल दिव्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच गिझरमध्ये तो दिवा फक्त ‘इथवर करंट आला’ एवढंच सांगतो. पुढे कॉइलपर्यंत गेला की नाही, ते त्याला कळत नाही. काहींना दुसरा दिवा असतो, तो तापवणं चालू असताना लागतो. तुमच्याला एकच होता.

म्हणून मी मासिकातर्फे तुम्हाला कळवलं की काही उघडू नका, आधी व्हरांड्यातल्या मीटरसमोर उभ्या राहा. फ्रिजसकट घरातलं सगळं बंद करा आणि फक्त गिझर चालू ठेवा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटला किती वेळा लुकलुकायचं तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. तुमच्यावर ३२०० होता. २००० वॅटचा गिझर तासाला दोन युनिट खातो, म्हणजे तासाला ६४०० वेळा. दहा सेकंदांत सतरा-अठरा लुकलुकी झाल्या तर कॉइल करंट खातेय असं समजावं. तुम्ही कळवलंत, दहा सेकंद काय, मिनिटभरात एकदाही दिवा लागला नाही. ना स्क्रू, ना टेस्टर, आणि अर्धं निदान घरातल्या माणसानं केलं. पाणी तापतच नव्हतं.

आता करंट अडला कुठे? माझा अनुभव विचाराल तर पहिला संशय गिझरवर घेऊच नये, प्लगवर घ्यावा. १६ अँपिअरचा प्लग सॉकेटमध्ये जरा ढिला बसला की तिथेच तापतो, पिना काळ्या पडतात, बॅकेलाइटचा जळका वास येतो आणि एक दिवस तिथेच सगळं थांबतं. सॉकेटचं बटण आणि मीटरजवळचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा छोटा स्विच, दोन्ही बंद करून प्लग ओढून पिना बघायच्या. काळ्या असतील तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. नुसता प्लग बदलून भागत नाही, सॉकेटच्या आतल्या पत्त्या तापून सैल झालेल्या असतात. तुमच्या पिना चकचकीत होत्या.

त्यापुढची पायरी म्हणजे कटऑफ. गिझरच्या खालच्या झाकणाआड थर्मोस्टॅट असतो, पाणी ठरल्याएवढं तापलं की कॉइल बंद करणारा. त्याच्याशेजारी किंवा त्याच्यातच एक बारीक बटण असतं. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की ते टक्कन उडतं आणि कॉइलचा करंट तोडतं. दिवा बहुतेक वेळा त्याच्या आधीच जोडलेला असतो, म्हणून तो लागलेलाच राहतो आणि माणूस फसतो. कराडच्या मिस्त्रीनं ते दाबून दिलं. दोन दिवस आंघोळी झाल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा गार. तो म्हणाला, रोज दाबत जा.

इथे मला माझीच एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. दुकानात नवखी होते तेव्हाची. जानेवारी महिना, एका लग्नघरातून निरोप आला, गिझर सारखा बंद पडतोय, पाहुणे आंघोळीचे खोळंबलेत. मी गेले, कटऑफ उडालेला दिसला. दाबला, तासाभरात परत उडाला. घाई इतकी की मी वायरचा तुकडा टाकून कटऑफ शॉर्ट केला आणि उद्या येऊन नीट करते म्हणून निघाले. रात्री नवाच्या सुमाराला जास्तीचा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून उकळत्या पाण्याची चिळकांडी आणि वाफ. बाथरूममध्ये त्या घडीला कोणी नव्हतं म्हणून निभावलं. थर्मोस्टॅट चिकटला होता. कटऑफ बिचारा तेच सांगत होता आणि मी त्याचं तोंड बांधून आले. सासरे दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, “फ्यूज उडाला तर फ्यूजवर चिडतेस का?” तेव्हापासून उडालेला कटऑफ मी एकदाच दाबते, तेही का उडाला हे बघायला.

तर वहिनींच्या मुलानं गिझर उतरवला आणि मोटारसायकलला मागे बांधून कराडहून साताऱ्याला आणला. असं करा असं मी कोणाला सांगणार नाही, पण आणला. आम्ही थर्मोस्टॅट बाहेर काढला आणि दुकानाच्या स्टोव्हवर पातेल्यात पाणी ठेवलं. थर्मोस्टॅटची दांडी तेवढी पाण्यात, डोकं वर कोरडं, मल्टिमीटरच्या दोन सुया त्याच्या टोकांना, शेजारी थर्मामीटर. आतले पॉइंट जुळलेले असेपर्यंत मीटर टींऽऽ वाजत राहतो, सुटले की गप्प. काटा साठावर लावला होता. पाणी ६० अंशांवर आलं, ६५ झालं, मीटर वाजतोय. ७५ झालं तरी वाजतोय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं डोक्यावर हलकेच टिचकी मारली, तर लगेच गप्प. पॉइंट चिकटत होते. दर वेळी नाही, कधीमधी. म्हणून कधी दोन दिवस चालायचा आणि मग कटऑफ उडायचा. कॉइल बिलकुल गेली नव्हती. २००० वॅटच्या कॉइलचा रेझिस्टन्स २६ ओहमच्या आसपास येतो, हिचा तसाच आला. तुटलेली असती तर मीटरनं काही दाखवलंच नसतं.

पण टाकीचं खालचं गोल झाकण, म्हणजे फ्लँज, उघडल्यावर जे दिसलं ते वेगळंच प्रकरण होतं. टाकी पालथी केली तर खडखड करत पांढऱ्या-पिवळसर खपल्या पडायला लागल्या. मुलाला वाटलं टाकीच फुटली. वाइंडिंगची तांब्याची तार तोलायचा काटा आमच्याकडे असतोच, त्यावर घातल्या. पावणेदोन किलो. बोअरच्या पाण्यात विरघळलेला चुना असतो. पाणी तापलं की तो विरघळलेला राहत नाही, खाली बसतो, आणि सगळ्यात आधी बसतो तो सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर. करंगळीहून बारीक कॉइल शेवग्याच्या शेंगेएवढी जाड झाली होती. अशा कॉइलची उष्णता पाण्याला धड पोचत नाही. कॉइल आतल्या आत भाजत राहते.

ही खपली हातोडीनं झोडू नका. कॉइलच्या नळीला चीर गेली तर काय होतं ते खाली इचलकरंजीच्या पत्रात येईल. लिंबाचं सत्त्व किराणा दुकानात मिळतं, ते कोमट पाण्यात घालून कॉइल रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी निम्मी खपली बादलीच्या तळाला, उरलेली लाकडी चमच्यानं निघाली. मॅग्नेशियमची दांडी असते एक, एनोड म्हणतात, ती टाकीऐवजी स्वतः झिजते आणि टाकीला गंज लागू देत नाही. तिची सायकलच्या आऱ्यासारखी नुसती तार उरली होती. थर्मोस्टॅट, एनोड आणि रबराचं गॅस्केट, तिन्ही नवीन टाकली. बोअरच्या पाण्यावर दर दोन वर्षांनी गिझर उघडून बघायचाच, असं मुलाला बजावलं. नवीन गिझर घ्यायची वेळ टाकी गळायला लागली की येते. ही टाकी कोरडी ठणठणीत होती. येताना बांधून आणलेला गिझर परत जाताना मात्र एसटीनं गेला, सीटवर बसून.

नमस्कार ताई. पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. महिन्यापूर्वी बाथरूममध्ये नवीन मिक्सर (गरम-गार पाणी एकत्र करणारा नळ) आणि जेट स्प्रे बसवला. तेव्हापासून २५ लिटरचा गिझर असूनही पाणी कोमट. थर्मोस्टॅट बदलला, कॉइल बदलली, फरक शून्य. कंपनीचा माणूस म्हणतो गिझर ओके आहे.
– आयटीवाला वाचक, पुणे

कंपनीच्या माणसाचं ऐका, तो खरं बोलतोय. कॉइल आणि थर्मोस्टॅट दोन्ही चांगले होते, ते तुम्ही उगाच फेकलेत. फेकले नसतील तर जपून ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

तुमच्याकडे पाणी तापतंय, पण वाटेत कोणीतरी त्यात गार पाणी घालतंय. पकडायची युक्ती सोपी आहे. गिझरखाली दोन नळ्या येतात. निळ्या कड्याची गार पाण्याची, तिच्यावर अँगल कॉक असतो, तो पूर्ण बंद करा. मग बाथरूममधला फक्त गरम बाजूचा नळ उघडा. गिझरमधलं पाणी बाहेर पडतं ते खालून गार पाणी आत शिरून त्याला वर ढकलतं म्हणून. आत येणंच बंद केलं तर क्षणभर धार येऊन नळ थांबला पाहिजे. धार थांबली नाही, चालूच राहिली, तर ते पाणी गिझरमधून येतच नाहीये. कुठल्या तरी मिक्सरमधून गार लाइन गरम लाइनमध्ये घुसतेय.

हे होतं कसं? मिक्सरचे गरम आणि गार दोन्ही नळ उघडे ठेवून पाणी पुढे हँडशॉवरच्या किंवा जेटच्या बटणावर बंद करायची सवय. पुढची वाट बंद, मागचे दोन्ही नळ उघडे. दोन्ही लाइनी मिक्सरच्या पोटात एकमेकींना भेटतात आणि ज्या लाइनीला दाब जास्त ती दुसरीत घुसते. तुम्ही आंघोळ करताय शॉवरखाली, आणि गार पाणी मिसळतंय शेजारच्या जेटमधून. म्हणून जेट वापरून झाला की मागचे दोन्ही नळ बंद करा. त्यानं फरक पडला नाही तर मिक्सरचं आतलं कार्ट्रिज गळतंय. गरम लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह, टाकायला सांगा. प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि हो, गिझर दुरुस्तीला काढून परत बसवला असेल तर नळ्या उलट्या तर जोडल्या नाहीत ना, हेही बघा. गार पाणी टाकीत तळाशी सोडायचं असतं आणि गरम वरून उचलायचं असतं. उलट जोडलं तर गार पाणी वर जाऊन गरमात मिसळतं आणि आपण तळाचं कोमट ओढतो. गेल्या डिसेंबरात एका डॉक्टरांच्या घरी मी याच कारणानं दोन चकरा मारल्या. पहिल्या चकरेला माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

गिझर लावला की दहा मिनिटांत घरची लाइट जाते. मेन स्विचजवळचा तो टेस्ट बटणवाला स्विच खाली पडतो. मिस्त्रीनं त्याला बाजूला काढून दिलं, आता लाइट जात नाही. पण सासूबाई म्हणतात नळाला हात लावला की मुंग्या येतात.
– इचलकरंजी

ताई, हे वाचत असाल तिथून उठा, गिझरचा एमसीबी खाली पाडा, प्लग काढा आणि मग पुढचं वाचा. पत्रावरच्या तारखेवरून कळलं की ते मला मिळेपर्यंत नऊ दिवस गेले होते, म्हणून मी तुम्हाला फोनही करवला. तरी इथे लिहिते, कारण असे मिस्त्री एकट्या तुमच्याच गावात नाहीत.

टेस्ट बटणवाला तो स्विच म्हणजे आरसीसीबी. काही जण अजून ईएलसीबी म्हणतात. जाणारा करंट आणि परत येणारा करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो घराचा करंट तोडतो. फरक पडतो म्हणजे करंट दुसऱ्याच वाटेनं जमिनीत चाललाय. तुमच्याकडे ती वाट पाण्यातून जाते. कॉइलच्या नळीत मधोमध तार असते आणि तिच्याभोवती पांढरी पूड ठासलेली असते, ती करंटला बाहेर येऊ देत नाही. नळीला बारीक चीर पडली की पाणी त्या पुडीत मुरतं आणि करंट पाण्यात उतरतो. पाणी तापत असतं, दिवा लागत असतो, वरून सगळं छान दिसतं.

सासूबाईंना नुसत्या मुंग्या आल्या, कारण तुमचं अर्थिंग अर्धं का होईना जिवंत असावं. ते उद्या तुटलं तर मुंग्यांवर भागणार नाही. क्रम असा ठेवा: आधी आरसीसीबी परत जोडून घ्या, मग सॉकेटच्या अर्थिंगची तपासणी, मग कॉइल नवीन. ही कॉइल दुरुस्त होत नाही. आणि कॉइल नवी आली तरी आंघोळीला जाताना गिझर बंद करूनच जा. आमच्या घरी बाथरूमच्या दाराबाहेर बटण आहे, ते बंद केल्याशिवाय नातवंडांना आत सोडत नाही.

खटाव तालुक्यातल्या वाडीवर राहतो. निवृत्त शिक्षक. मुलानं तीन लिटरचा इन्स्टंट गिझर बसवून दिला, ३००० वॅटचा. शहरात त्याच्याकडे तोच गिझर कढत पाणी देतो, माझ्याकडे जेमतेम कोमट. व्होल्टेज सकाळी १८० असतं. गिझर खराब लागला का?

गुरुजी, गिझर खराब नाही, त्याला पोटभर खायला मिळत नाही. तुम्ही शिक्षक, म्हणून गणितच मांडते.

कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० चे १८० झाले म्हणजे वरवर एक-पंचमांशाच्या आसपास कमी वाटतं, पण ताकद उरते ६१ टक्के. तुमचे ३००० वॅट सकाळी १८४० च्या आसपास भरतात. मिनिटाला तीन लिटरची धार सोडली, म्हणजे १५ लिटरची बादली पाच मिनिटांत भरली, तर मुलाकडे पाणी १४ अंशांनी तापतं आणि तुमच्याकडे नऊनं. शहरात टाकीतलं पाणी २२-२३ असेल, वाडीवर पहाटे १७-१८. मग तुमच्याकडे कोमट नाही तर काय येणार? धार मिनिटाला एक लिटरवर आणा, तेवढ्याच विजेत पाणी २६ अंशांनी वर जाईल. बादली भरायला पंधरा मिनिटं लागतील, तोवर वर्तमानपत्र वाचून होतं.

पण त्याआधी एक खात्री करा. गिझर बंद असताना सॉकेटवर व्होल्टेज किती आणि चालू केल्यावर किती, हे वायरमनकडून मोजून घ्या. आधीच १८० असेल तर लाइन तशी आहे, आपल्या हातात काही नाही. बंद असताना २१५-२२० आणि चालू करताच धाडकन १८० झालं, तर वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे, आणि तो जोड आता भिंतीत तापत असणार. इन्स्टंटला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर हवी, टीव्हीच्या पॉइंटवरून ओढलेली नको. वाडीवर राहायचं तर खरं म्हणजे २००० वॅटचा १५ लिटर स्टोरेज, म्हणजे टाकीवाला, बरा. २३० वर त्याला २० अंशांचं पाणी ६० वर न्यायला एकवीस मिनिटं लागतात, तुमच्याकडे चौतीस. उशिरा तापेल, पण तापेल.

आम्ही भाड्याच्या घरात गॅस गिझर वापरतो, बाथरूममध्येच लावलाय. कधी टिकटिक होते पण पेटत नाही, कधी मध्येच विझतो. थंडी येते म्हणून खिडकी बंद ठेवतो. बऱ्याचदा आंघोळीनंतर डोकं जड होतं. सेल बदलावेत का?
– नवविवाहित, पिंपरी

सेलचं नंतर बघू. डोकं जड होतं ही ओळ तुम्ही शेवटून दुसरी लिहिलीत, ती पहिली हवी होती. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तो बळकावतो, माणसाला आधी डोकेदुखी, चक्कर, आणि मग दार उघडायची ताकद राहत नाही. हा गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत हलवा. घरमालकांशी बोला, पाइप वाढवायचा खर्च त्यांनी नाही दिला तर तुम्ही द्या. हलवेपर्यंत गॅसवर पातेल्यात पाणी तापवून आंघोळ करा, आमच्या पिढीनं केलीच की.

बाहेर लावल्यावर सेलकडे वळा. टिकटिक होते पण पेटत नाही तर बहुतेक वेळा दोन मोठे सेल उतरलेले असतात किंवा सिलिंडर संपत आलेला असतो. टिकटिकच होत नाही तर सेल पार संपलेले किंवा पाण्याचा दाब कमी. पाण्याच्या दाबानं आतला रबरी पडदा हलतो तेव्हाच ठिणगी पडते. वरच्या मजल्यावर, टाकीच्या लगेच खाली राहत असाल तर हे होणारच. पाणी आत येतं तिथली बारीक जाळी काढून धुवा, वाळू साचलेली असते. मध्येच विझतो तो वीस मिनिटांनी असेल तर काही मॉडेलमध्ये तसा टायमरच असतो, बिघाड नव्हे.

गच्चीवर सोलर आहे. संध्याकाळी पाणी छान कढत, सकाळी उठावं तर कोमट. ऊन तर भरपूर आहे.
– बारामती

रात्री झोपताना सोलरच्या टाकीचा गरम पाण्याचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, पहाटे उघडा. पाणी कढत आलं तर टाकी ठीक आहे. घरातल्या कुठल्या तरी मिक्सरमधून रात्रभर गार-गरमाची देवाणघेवाण चालू होती. वर पुण्याच्या वाचकाला सांगितलंय तेच. तरीही कोमटच आलं तर टाकीभोवतीच्या फोममध्ये पाणी शिरलंय, टाकीच्या खाली हात लावून बघा, ओल लागेल. पहिली अर्धी बादली गार येणार, ते मोजू नका. पाऊण इंची पाइप ३० मीटरचा असेल तर त्यातच नऊ लिटर पाणी उभं असतं.

आमच्या गिझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. यजमानांनी लाकडाची खुंटी ठोकून ते बंद केलंय. आता पाणी नीट तापतंय, फक्त कधीकधी आतून ठक्ठक आवाज येतो. रत्नागिरीत पाण्याला क्षार नसतात, मग हा आवाज कसला?

काकू, तापताना पाणी फुगतं. २० अंशांवरचं १५ लिटर पाणी ६० वर गेलं की पाव लिटरला थोडं कमी, दीड-दोन कप चहाएवढं, जास्तीचं होतं. मागे परतायला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पुढे नळ बंद, मग ते त्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. गळती नाही ती, गिझर श्वास सोडतो तसं आहे. त्याला बारीक नळी लावून नळीचं तोंड मोरीत सोडा, फरशी ओली होणार नाही. गिझर बंद असताना, पाणी गार असतानाही सतत ठिबकत असेल तरच व्हॉल्व्ह बदलायचा.

यजमानांना सांगा, त्या फुगलेल्या पाण्याची वाटच बुजवलीय, आत दाब वाढत राहतो. खुंटी आजच काढायची. आधी गिझर बंद, प्लग बाहेर, मग गरम नळ उघडून हाताला गार लागेपर्यंत पाणी जाऊ द्यायचं. खुंटी काढताना तोंड बाजूला ठेवायचं. व्हॉल्व्ह त्या ठोकण्यानं बिघडलाच असणार, तो नवीन घ्या आणि तो बसेपर्यंत गिझर लावू नका. ठक्ठक आवाज त्यानंतरही आला तर मला पुन्हा लिहा.